ओळखीचा विरंगुळा

संकटाच्या दिवसांत माणूस करमणुकीसाठी सहसा नव्याच्या वाटेला जात नाही. पाहिलेले, ऐकलेले, चाखलेलेच पुन्हा जवळ करतो. २०२० च्या टाळेबंदीत पुण्यात हे लख्ख दिसले. महाराष्ट्रातले पहिले करोनाबाधित रुग्ण ९ मार्चला याच शहरात आढळले आणि महिना संपायच्या आत पेठा ओस पडल्या. २८ मार्चपासून दूरदर्शनने रामानंद सागर यांची १९८७ सालची ‘रामायण’ मालिका पुन्हा दाखवायला घेतली. नव्या मालिका आणि परदेशी चित्रपट मोबाइलवर हाताशी होते. तरीही घरेच्या घरे सकाळी नऊला टीव्हीसमोर बसू लागली. रावण मरणार हे सगळ्यांना ठाऊक होते, आणि नेमके तेच हवे होते.

पुढे काय होणार, पगार येणार की नाही, शेजारच्या इमारतीतला खोकला कुठवर पोचणार, याचा पत्ता नसला की मन अष्टौप्रहर पहाऱ्यावर असते. ओळखीच्या गोष्टीपाशी त्याला तेवढ्यापुरती सुट्टी मिळते. पु. ल. देशपांडे यांचे ध्वनिमुद्रित कथाकथन विसाव्यांदा ऐकणाऱ्याला हशाची जागा आधीच माहीत असते. तो तिची वाट पाहतो आणि ती जागा चुकत नाही. एखादी गोष्ट वारंवार समोर आली की निव्वळ परिचयानेच ती आवडू लागते, असे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये मांडले. पण संकटातल्या ओढीचा उलगडा तेवढ्याने होत नाही. परिचयाइतकाच वेळापत्रकाचाही त्यात वाटा असतो. टाळेबंदीत आज वार कोणता हेच कळेनासे झाले होते. ठरल्या वेळी लागणाऱ्या मालिकेने दिवसाला पुन्हा सकाळ आणि रात्र दिली.

वेळेशी बांधलेल्या या आनंदाचा पुण्यातला सर्वांत मोठा दाखला संकटकाळातला नाही. ‘गीतरामायण’ १ एप्रिल १९५५ रोजी, रामनवमीला, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून सुरू झाले. केंद्र तेव्हा जेमतेम दीड वर्षाचे होते. कल्पना सीताकांत लाड यांची, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडके यांचे. दर शुक्रवारी सकाळी नवे गीत लागे आणि शनिवार-रविवारी तेच पुन्हा ऐकायला मिळे. त्या वर्षी अधिक मास आल्याने बावन्न गीतांची योजना छप्पन्नांवर गेली. रेडिओ घरोघरी नव्हता. ज्याच्याकडे असेल त्याच्या ओसरीवर आळी जमे. कथा सर्वांना पाठ होती, उत्सुकता होती ती आठवडाभराच्या प्रतीक्षेची आणि एकत्र ऐकण्याची. पुढे पिढ्यान् पिढ्या लोक अडीअडचणीत याच गीतांकडे वळत राहिले, त्यामागे त्या वर्षाची ही शिस्त आहे.

खाण्यापिण्यातल्या सुखाचेही असेच आहे. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पेठांत रुजवलेल्या ‘अमृततुल्य’ चहाच्या दुकानांत पितळी पातेल्यात दूध, पाणी, साखर आणि चहाची पूड एकत्र उकळते. आले-वेलची खलबत्त्यात कुटून पडते. चहावाला पळीने चहा उंच उचलून पुन्हा पातेल्यात सोडतो आणि शेवटी फडक्यातून गाळतो. टाळेबंदीत हे सगळे घरी करणारे पुष्कळ निघाले आणि चव बरीचशी जमलीही. जमले नाही ते अनोळखी माणसाशेजारी पाच मिनिटे उभे राहणे. गणेशोत्सवातही तेच झाले. सार्वजनिक मूर्तींना चार फुटांची मर्यादा आली, मानाच्या गणपतींचे विसर्जन मिरवणुकीविना मांडवातच झाले. दर्शन पडद्यावर मिळाले. लक्ष्मी रस्त्यावरचा धक्का मिळाला नाही.

करमणुकीला पळवाट म्हणण्याची खोड जुनी आहे. तिच्यात तथ्य आहे ते एवढेच, की विरंगुळ्याची वेळ चुकवून चालत नाही. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि पाठोपाठ खडकवासला धरण फुटले, नदीकाठच्या वस्त्या वाहून गेल्या, शहराचे पाणी तुटले. त्या दिवशी गरज होती पिण्याच्या पाण्याची, छपराची, कोरड्या कपड्यांची. जीव वाचला आहे पण घडी बसलेली नाही, अशा लांबलेल्या मधल्या काळात विरंगुळ्याचे काम सुरू होते.

हा विरंगुळा पुरवणाऱ्यांचे काय, हा प्रश्न सहसा राहून जातो. ‘संगीत मानापमान’चा पहिला प्रयोग १२ मार्च १९११ रोजी मुंबईत झाला. त्याच दिवशी नटवर्य बालगंधर्वांची मुलगी गेली, तरी ते नाटकाची नायिका भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकिकत मराठी रंगभूमी अभिमानाने सांगते. कलावंताने रडायचे कधी, हे कोणी विचारत नाही. मार्च २०२० मध्ये बालगंधर्व रंगमंदिर आणि भरत नाट्य मंदिरासह सारी नाट्यगृहे बंद झाली, तेव्हा प्रयोगागणिक ‘नाइट’वर जगणाऱ्या रंगमंच कामगारांची मिळकत एका दिवसात थांबली. नोव्हेंबरात निम्म्या खुर्च्यांवर परवानगी मिळाली, एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा कुलूप लागले, ते २२ ऑक्टोबरला उघडले. खुर्च्या निम्म्या असल्या तरी नेपथ्याच्या टेम्पोचे डिझेल आणि जाहिरातीचा खर्च पुराच होता. साहजिकच निर्मात्यांचा भर चाललेल्या, नावाजलेल्या नाटकांवर राहिला. प्रेक्षकांनाही तीच हवी होती. नव्या संहितांना मात्र थांबावे लागले.