डाकीण कोण म्हणतं?

मध्यंतरी एक इंग्रजी रहस्यकादंबरी अनुवादासाठी हाती आली. आजच्या अमेरिकेतल्या एका शहरात काही स्त्रिया स्वतःला 'विच' म्हणवतात, पौर्णिमेला जमतात. आणि कोणीतरी त्यांना एकेक करून ठार मारतं आहे. कथानक घट्ट विणलेलं. मी अडले ती पहिल्याच पानावर, एका शब्दापाशी. 'विच'ला मराठीत काय म्हणायचं?

चेटकीण म्हटलं, तर मुलांच्या गोष्टीतली म्हातारी डोळ्यांपुढे येते. डाकीण म्हटलं, तर सातपुड्यातली एखादी जितीजागती बाई.

सेलममध्ये 1692 साली चेटुकाच्या आरोपावरून 19 जणांना फाशी दिलं गेलं. ब्रिटनमधला चेटुकाचा जुना कायदा 1951मध्ये रद्द झाला आणि तीनच वर्षांनी जेराल्ड गार्डनर यांनी आधुनिक 'विच'पंथाविषयी उघडपणे पुस्तक लिहिलं. फास सुटल्यावर शब्द सैल झाला. "मी विच आहे" असं तिथली बाई आता स्वतः म्हणू शकते. आपल्याकडे 'डाकीण' अजून तृतीयपुरुषीच आहे. दुसऱ्यानं बोट दाखवून उच्चारायचा शब्द. झारखंडच्या छुटनी महातो यांना गावानं डायन ठरवलं. 2021मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, ती हा शब्द मिरवण्यासाठी नव्हे. तो इतर बायकांच्या कपाळावरून पुसण्यासाठी.

म्हणून मी नायिकेच्या तोंडी 'विच' ठेवला आणि खुन्याच्या तोंडी 'डाकीण'. पण मूळ लेखिकेनं दोघांना एकच शब्द दिला होता. प्रश्न त्या शब्दाचा नसून तो उच्चारणाऱ्याचा आहे, हे वाचकानं स्वतः ओळखावं म्हणून. ते मी आयतं हातात दिलं. ही मूळ संहितेशी बेइमानी आहे, हे मला मान्य आहे. तरीही नायिकेला डाकीण म्हणायला हात धजला नाही.

दुसरी अडचण शब्द बदलून सुटणारी नव्हती. रहस्यकथेत खुनी एक असतो, विकृत असतो आणि शेवटच्या प्रकरणात सापडतो. वाचक सुटकेचा श्वास टाकतो. डाकीण ठरवलेल्या बाईच्या बाबतीत अनेकदा रहस्य नसतंच. कोणाचं मूल दगावलं, कोणाचा तिच्या जमिनीवर डोळा होता, कोणी बोट दाखवलं, कोण गप्प बसलं, हे सगळं गावाला ठाऊक असतं. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा 2013 साली आला, तोही डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर. कायदा बोट दाखवणाऱ्याला पकडू शकतो. गप्प बसणाऱ्याचं काय करायचं, ते त्याच्या हातात नाही.

महाश्वेता देवींच्या 'बायेन' कथेत अखेरीस मुलगा आपल्या वाळीत टाकलेल्या आईचं नाव चारचौघांत सांगतो. तिथे कोणी खुनी पकडला जात नाही. एक माणूस गप्प राहायचं थांबतो, एवढंच घडतं.

माझा अनुवाद पुरा झाला आहे. वाचकाला तो रात्रभर जागवेल, अशी आशा आहे. मात्र पुस्तक मिटल्यावर त्याला शांत झोप लागली, तर तो दोष लेखिकेचा की माझा, हे अजून ठरवता आलेलं नाही.