दैवाचे स्थान पाचवे

मुंबई–कोलकाता महामार्गावर, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यान वसलेल्या वडनेर भोलजीसारख्या गावी वैशाखाच्या उन्हात एखादे जुने पेट्रोल इंजिन चालता चालता बंद पडले, म्हणजे भोवती जमलेल्या मंडळींच्या तोंडून जो पहिला निवाडा बाहेर पडतो, तो यंत्रशास्त्राचा नसून बहुधा तत्त्वज्ञानाचा असतो. ‘आपलं नशीबच खोटं हाये, बाप्पा,’ असे मालक म्हणतो, आणि त्या एका वाक्याने सगळ्या प्रकरणाचा निकाल लागतो. इंजिन गवत कापण्याच्या यंत्रावरचे असो, फवारणीच्या पंपावरचे असो, की विहिरीवरच्या लहानशा पंपाचे असो, त्याची कैफियत ठरलेली असते: सकाळी दोरीच्या दुसऱ्या ओढीला ते सुरू होते, अर्धा-पाऊण तास इमानाने राबते, चांगले तापले की गचके देऊन थांबते आणि मग कितीही दोरी ओढली तरी दाद देत नाही, सावलीत निवले की मात्र काही घडलेच नव्हते अशा रीतीने पुन्हा चालू लागते. अशा दोषाचे खापर दैवावर फोडण्याचा अधिकार मनुष्याला नेमका केव्हा प्राप्त होतो, हा प्रश्न मला वरकरणी दिसतो त्याहून फार गंभीर वाटतो.

प्रथम दृष्ट कारणांची गणना करू. टाकीच्या झाकणाला हवा आत येण्यासाठी जे सूक्ष्म छिद्र असते ते धुळीने बुजले, तर पेट्रोल जसजसे खाली जाते तसतशी टाकीत पोकळी निर्माण होते आणि इंधनाची धार आटते. पेट्रोलचे हलके घटक ३५ ते ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. ज्या मुलखात मे महिन्याची हवाच ४४ अंशांवर जाते, तेथे तापलेल्या इंजिनाला लगटून गेलेल्या नळीत द्रवाऐवजी वाफ भरावी यात नवल नाही. ठिणगी निर्माण करणाऱ्या कॉइलमधील केसासारखी बारीक तार जुनी झाली, वरचे वेष्टण पिकले, म्हणजे उष्णतेने प्रसरण पावताच तिचा सांधा सुटतो आणि निवताच पुन्हा जुळतो. शेवटी, वर्षानुवर्षांच्या झिजेने व्हॉल्व्ह आणि टॅपेट यांच्यामधली मिलिमीटरच्या काही दशांशांची फट नाहीशी झाली, तर तापून लांबलेला व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पुरता टेकत नाही आणि कॉम्प्रेशन निसटते. कारणे ही अशी चार, कार्य मात्र एकच दिसते, आणि निवले की हे चारही दोष आपोआप दडून बसतात.

अनेक कारणांपासून एकच कार्य उद्भवते, तर मग कारण ओळखावे तरी कसे, हा पेच आपल्या नैयायिकांना शतकानुशतके परिचित होता. अग्नी गवताच्या काडीपासून उत्पन्न होतो, अरणीच्या घर्षणाने होतो, आणि सूर्यकिरण एकवटणाऱ्या मण्यानेही होतो. तृणारणिमणिन्याय या नावाने प्रसिद्ध असलेल्या या चर्चेत त्यांनी दिलेले एक समाधान असे की, अग्नी तिन्ही ठिकाणी एकच भासला तरी त्या तीन अग्नींत सूक्ष्म जातिभेद असतो. आपली दृष्टी स्थूल असते, म्हणूनच कार्य एकरूप वाटते.

या सिद्धांताची खातरजमा करावयाची असेल, तर रस्त्याकडेच्या मिस्त्रीजवळ घटकाभर बसावे. जाणता मिस्त्री इंजिन निवण्याची वाट पाहत नाही. ‘थंडं झाल्यावर काय दिसते जी त्यात? गरम हाये तवरच पाहू द्या,’ असे म्हणून तो हाताला चिंधी गुंडाळतो आणि झाकण सैल करतो. हवा आत ओढली गेल्याचा बारीक सुस्कारा ऐकू आला, तर त्याचा निम्मा तपास तेथेच संपतो. नाही आला, तर प्लग काढून, त्याचे टोक इंजिनच्या धातूला टेकवून तो दोरी ओढतो आणि अंगाच्या सावलीत निळी ठिणगी पडते की नाही हे निरखतो. ठिणगी आहे, परंतु दोरी हाताला पोकळ लागते, दट्ट्याचा दाब मुळी जाणवतच नाही, असे आढळले, तर त्याची बोटे टॅपेटची फट चाचपू लागतात. मग तो मालकाला विचारतो, की इंजिन बंद पडले ते फट्‌दिशी पडले, की आचके देत देत, की हळूहळू दम सोडत? या तीन मरणांत भेद आहे, हे त्याला पक्के ठाऊक असते. कॉइल गेलेले इंजिन क्षणात गप्प होते, इंधनाला मुकलेले आचके देते, कॉम्प्रेशन गमावलेले क्षीण होत जाते. जो जातिभेद शास्त्रकारांनी तर्काने प्रतिपादिला, तो त्याने कानाने आणि मनगटाने जाणलेला असतो.

आता दैवाचा विचार. न्यायशास्त्राने अदृष्टाचा, म्हणजेच या दैवाचा, अव्हेर केलेला नाही, हे प्रांजळपणे नमूद केले पाहिजे. उलट ईश्वर, काल, दिशा यांच्याबरोबर अदृष्टाचीही गणना त्याने साधारण कारणांत, म्हणजे प्रत्येक कार्याच्या मुळाशी असलेल्या कारणांत केली आहे. परंतु नेमके याच कारणास्तव, विशिष्ट कार्याचा उलगडा करावयाचा असता अदृष्टाची साक्ष कामास येत नाही; कारण इंजिन बंद पडण्यात जसे अदृष्ट आहे, तसे ते सकाळी सुरू होण्यातही होतेच. जे सर्वत्र आहे त्याने येथलाच फरक स्पष्ट होत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माच्या सिद्धीची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी साधने, विविध चेष्टा, आणि पाचवे दैव. या क्रमात मला एक शिस्त दिसते. दैवाला गीता नाकारीत नाही, पण त्याला पाचव्या स्थानी बसविते. आणि जो पहिल्या चौघांची जबानी न घेताच पाचव्याला पुकारतो, त्याच्या त्या वर्तनाला मी श्रद्धा म्हणणार नाही.

अपुऱ्या तपासाने केवळ दैवालाच वेठीस धरले जाते असेही नाही. निरपराध वस्तूंवरही आळ येतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर बनविला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशा समजुतीने शेतकऱ्यांनी त्याच्याकडे पाठ फिरविली होती. तो नांगर अखेर खपला तो वादविवादाने नव्हे. त्याने नांगरलेल्या जमिनीत पीक उभे राहिले म्हणून. नांगर होता आणि विष नव्हते, एवढ्या एका प्रत्यक्ष दाखल्यापुढे जुना समज टिकू शकला नाही.

इंजिनाच्या गोष्टीवर मी इतका वेळ खर्च करीत आहे, याचे कारण ज्या भूमीत ती घडते त्या भूमीचे दुःख हे आहे. २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली, त्यांत वडनेर भोलजीचा बुलढाणा जिल्हा एक होता; कर्जाखाली पिचून शेतकऱ्यांनी प्राण दिले, म्हणून ती तजवीज करावी लागली. त्या दिवसांत आणि त्यानंतरही, गेलेल्या माणसाविषयी ‘त्याचं नशीब’ हा शब्द किती सहज उच्चारला गेला! एकाची विहीर आटली होती, दुसऱ्याचे बियाणे उगवले नव्हते, तिसऱ्याच्या कपाशीला भाव मिळाला नव्हता, चौथा सावकाराच्या व्याजात अडकला होता. दुरून पाहणाऱ्याला त्या चौघांचा अंत एकच दिसला, आणि एकाच शब्दात त्याने तो गुंडाळून ठेवला. पण यांपैकी प्रत्येक दुःखाची जात निराळी होती आणि प्रत्येकावरचा इलाजही निराळा होता. शिवाय ते दुःख ऐन तापलेले असतानाच त्याच्याजवळ जाऊन, आच सोसून पाहिले असते, तरच ती जात ओळखू येणे शक्य होते. वरकरणी शांत झालेल्या घरात मागाहून केलेली चौकशी बहुधा रिकाम्या हाताने परत येते.

यावर कोणी विचारील, सर्व दृष्ट कारणे तपासल्यावर अदृष्टाला काही उरतच नाही काय? उरते, आणि फार मोलाचे उरते. टॅपेटची फट झिजेने नाहीशी झाली होती एवढे कळल्याने, ती झीज नेमकी आपल्याच वाट्याला, नेमक्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी का आली, याचे उत्तर मिळत नाही. ते कोणत्याही मिस्त्रीजवळ नाही आणि कोणत्याही शास्त्राने देऊ केलेले नाही. तेथे मनुष्याने हात जोडावेत, त्यात उणेपणा मुळीच नाही. मात्र ते हात काम करून मळलेले असले पाहिजेत. स्वतःच्या दुःखाला दैव म्हणणाऱ्याला मी एक वेळ समजू शकेन, कारण थकलेल्या जिवाला विसावा हवा असतो. परंतु दुसऱ्याच्या दुःखाला दैव म्हणण्यापूर्वी चारही कारणांचा तपास पुरा करणे हे धर्मकर्तव्य आहे, आणि जो ते टाळतो तो देवाच्या नावावर आपली कसूर जमा करीत असतो.