रतामाच्या झुडपाखाली



आपल्यापैकी कोणी रुग्णालयात परिचारिकांच्या प्रमुख आहेत, कोणी मुख्याध्यापक, तर कोणी बँकेत वा रेल्वेच्या कचेरीत अधिकारी. हाताखालचा माणूस खचला असता धन्याने कसे वागावे, हे १ राजे या पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात परमेश्वर स्वतःच्या कृतीने शिकवितो.

कर्मेल डोंगरावर मोठे कार्य केलेला एलीया ईजबेलीच्या धमकीने पळाला. चाकराला बैर-शेबा येथे ठेवून तो एकटाच रानात गेला व रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागू लागला. ध्यानात घ्या, हा सेवक कामचुकार नव्हता. तो राबून राबून रिता झाला होता.

परमेश्वराने प्रथम त्याला निजू दिले. देवदूताने त्याला भाकर व पाणी दिले. तो पुन्हा निजला, तेव्हा पुन्हा उठवून खाऊ घातले, आणि पुढची वाट त्याच्या शक्तीपलीकडची आहे हेही मान्य केले. एका शब्दानेही दोष दिला नाही. आपण मात्र थकलेल्याची रजा नाकारतो आणि 'प्रार्थना करा' एवढे सांगून मोकळे होतो!

पुढे होरेबात, तू येथे काय करीत आहेस, असे परमेश्वराने त्याला दोनदा विचारले. एलीयाने दोन्ही वेळा तेच गाऱ्हाणे मांडले आणि दोन्ही वेळा ते ऐकून घेतले गेले. आपणही एकांतात, घाई न करता विचारावे. ऐकलेले कचेरीत पसरवू नये.

मग परमेश्वराने त्याला काम परत दिले. परंतु ते नेमके आखून दिले, सोबतीला अलीशा दिला, आणि आणखी सात हजार जण विश्वासू राहिले आहेत हे सांगून त्याचा एकटेपणा दूर केला. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही 'बर्नआउट' या अवस्थेचे मूळ कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ न आवरलेल्या ताणात असल्याचे नमूद केले. तेव्हा केवळ माणसाला धीर देणे पुरेसे नाही. त्याच्यावरील भारही वाटून द्यावा लागतो. पाळ्या बदला, मदतनीस द्या, अपेक्षा स्पष्ट सांगा.

आणि कोणी एलीयाप्रमाणे जीव नकोसा झाल्याचे बोलला, तर ते क्षुल्लक मानू नका. त्याला एकटे सोडू नका. त्याच्या माणसांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे न्या. शासनाची 'टेली मानस' ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर २०२२ पासून अहोरात्र चालू आहे.

धन्यांनो, आपल्यालाही स्वर्गात एक धनी आहे. आपण थकलो तेव्हा त्याने आपल्याला किती वेळा निजू दिले, किती वेळा भाकर दिली, याचे स्मरण करा. उद्या सकाळी हजेरीपटावरील नावे वाचताना, त्यांतील कोण रतामाच्या झुडपाखाली बसला आहे, हे पाहण्याची दृष्टी प्रभू आपणा प्रत्येकास देवो. आमेन.