सामन्याआधीची दोन गाणी

डब्लिनमध्ये आयर्लंडचा रग्बी सामना असला की खेळ सुरू होण्यापूर्वी यजमानांची दोन गाणी होतात. पहिलं आयर्लंड प्रजासत्ताकाचं राष्ट्रगीत. दुसरं फक्त खेळासाठी मुद्दाम लिहून घेतलेलं. हाच संघ परदेशी गेला की राष्ट्रगीत वाजतच नाही, एकटं दुसरं गाणं होतं. याचं कारण संघातच आहे. त्यात काही खेळाडू असे असतात की ज्यांचं घर आयर्लंडच्या बेटावर आहे, पण ज्यांचं राज्य ब्रिटनचं आहे आणि बऱ्याचदा ज्यांची निष्ठाही तिकडचीच आहे. हे बेट सत्तर लाखांच्या आसपास वस्तीचं. १९२१ साली त्याची फाळणी झाली. बत्तीसपैकी सव्वीस काउंट्या पुढे स्वतंत्र झाल्या, सहा ब्रिटनकडे राहिल्या. रग्बीचा संघ मात्र बत्तीस काउंट्यांचाच राहिला.

दोन गाण्यांच्या या तडजोडीपर्यंत यायला आयरिश माणसाला शंभराहून अधिक वर्षं लागली. खेळातून राष्ट्राचा अभिमान व्यक्त करायचा म्हणजे नेमकं काय करायचं, याची त्याची कल्पना एवढ्या काळात जवळजवळ उलटी झाली. ती कशी फिरली हे मला कुठल्याही विजयापेक्षा मोलाचं वाटतं.

सुरुवात १ नोव्हेंबर १८८४ रोजी झाली. टिपरेरी काउंटीतल्या थर्ल्स गावी, हेज हॉटेलात, मायकेल क्यूसॅक नावाच्या शिक्षकाच्या पुढाकारानं मूठभर माणसं जमली आणि ‘गेलिक ॲथलेटिक असोसिएशन’ स्थापन झाली. क्यूसॅक स्वतः एके काळी रग्बी खेळलेला होता. पण इंग्रजांच्या खेळांबरोबर इंग्रजांचं मोठेपणही पोरांच्या अंगी मुरतं, हे त्याला पटत गेलं. ॲश झाडाच्या लाकडाची काठी घेऊन खेळायचं हर्लिंग आणि हातापायांनी खेळायचा गेलिक फुटबॉल या देशी खेळांना नियम, स्पर्धा आणि प्रतिष्ठा मिळवून देणं हे या संघटनेचं काम. नऊच वर्षांनी पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सव उभा राहिला, आणि टिळकांनी १९१६ साली लावून धरलेली होमरूलची मागणी तर मुळात आयर्लंडचीच. त्यामुळे क्यूसॅकचा हेतू मराठी वाचकाला समजावून सांगावा लागत नाही. राज्य हाती नसलेल्या समाजाला आपण एक आहोत हे जाणवून घ्यायला मैदान लागतं, मांडव लागतो.

संघटना गावोगाव, चर्चच्या पॅरिशपॅरिशमध्ये पसरली. तिचे खेळाडू आजही मानधनाविना खेळतात, सोमवारी आपापल्या नोकरीवर हजर होतात, आणि अंतिम सामना मात्र ब्याऐंशी हजार लोकांच्या क्रोक पार्कवर खेळतात. हे वैभव मी कमी लेखत नाही. पण या अभिमानाची एक बाजू कुंपणाची होती. क्रिकेट, रग्बी, हॉकी किंवा असोसिएशन फुटबॉल जो खेळेल, इतकंच नव्हे तर जो पाहायला जाईल, त्याला संघटनेत जागा नाही, असा नियम झाला. १९३८ साली खुद्द राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड पोलंडविरुद्धचा फुटबॉल सामना पाहायला गेले. देशाचे प्रमुख म्हणून ते त्यांचं कर्तव्यच होतं. आयरिश भाषेच्या पुनरुज्जीवनासाठी आयुष्य वेचलेल्या, धर्मानं प्रोटेस्टंट असलेल्या या माणसाचं नाव संघटनेनं आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकलं. बंदीचा तो नियम १९७१ पर्यंत टिकला.

हा कडवेपणा टिकायला एक कारण होतं, आणि ते क्रोक पार्कच्या गवतावर घडलं होतं. २१ नोव्हेंबर १९२०, रविवार. सकाळी स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स याच्या माणसांनी डब्लिनमध्ये ब्रिटिश हेरखात्याचे अधिकारी घरात घुसून मारले. दुपारी क्रोक पार्कवर डब्लिन विरुद्ध टिपरेरी हा गेलिक फुटबॉलचा सामना चालू असताना सशस्त्र पोलीस आत शिरले आणि त्यांनी गर्दीवर गोळ्या झाडल्या. चौदा माणसं गेली. त्यांत टिपरेरीचा खेळाडू मायकेल होगन होता. त्याच्या नावाचा स्टँड आजही तिथे आहे. अशा मैदानावर इंग्रजांचा खेळ होऊ द्यायचा नाही, यात अनाकलनीय काय आहे?

दुसरीकडे रग्बीचं जग वेगळं होतं. आयरिश रग्बी युनियन १८७९ची. तिच्यात बेलफास्टचे प्रोटेस्टंट होते, डब्लिनच्या महागड्या शाळांतले कॅथलिक होते, डॉक्टर-वकील होते, लिमरिकचे कामगारही होते. फाळणी झाली तेव्हा या युनियननं आपली फाळणी करून घेतली नाही. फुटबॉलनं करून घेतली. १९२१ साली डब्लिनवाले बेलफास्टच्या संघटनेतून फुटले आणि पुढची कित्येक वर्षं दोन्ही संघटना ‘आयर्लंड’ याच नावानं संघ उतरवत राहिल्या. सीमारेषा राजकारण्यांनी आखली हे खरं, पण ती मैदानात घ्यायची की नाही हे त्या त्या संघटनेच्या बैठकीत ठरलं. पुढची सगळी कहाणी त्या बैठकांतून निघालेली आहे.

अर्थात रग्बीची एकी सुखाची नव्हती. १९५४ साली बेलफास्टच्या रेव्हनहिल मैदानावर ब्रिटिश राष्ट्रगीतासाठी उभं राहायला दक्षिणेतल्या खेळाडूंनी कुरकुर केली. त्यानंतर आयर्लंडचा पूर्ण दर्जाचा सामना तिथे व्हायला २००७ उजाडलं. जानेवारी १९७२ मध्ये डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला, डब्लिनमधला ब्रिटिश दूतावास जाळला गेला, आणि स्कॉटलंड-वेल्स यांनी डब्लिनला यायचं नाकारलं. पुढच्या वर्षी इंग्लंड आलं. लॅन्सडाउन रोड या डब्लिनमधल्या मैदानावरच्या प्रेक्षकांनी पाहुण्या संघाला उभं राहून कितीतरी वेळ टाळ्या दिल्या. इंग्लंड हरलं, आणि कर्णधार जॉन पुलिन रात्रीच्या मेजवानीत म्हणाला की आम्ही फारसे चांगले खेळत नसू, पण निदान येतो तरी.

आणि मग १९८७. पहिल्या विश्वचषकाच्या सरावासाठी उत्तरेतले तीन खेळाडू, नायजेल कार, डेव्हिड अर्विन आणि फिलिप रेनी, मोटारीनं डब्लिनला निघाले होते. सीमेजवळ आयआरए या सशस्त्र संघटनेनं एका न्यायाधीशासाठी पेरलेला बॉम्ब शेजारून जाताना फुटला. न्यायाधीश आणि त्यांची पत्नी दोघंही ठार झाले. कार वाचला, पण त्याचं खेळणं कायमचं संपलं. उत्तरेतला हा ब्रिटिश नागरिक आयर्लंडसाठी खेळायला जात होता आणि आयर्लंडच्या नावानं लढणाऱ्यांच्या बॉम्बनं जखमी झाला. या एका प्रसंगात त्या बेटाची सगळी गुंतागुंत आहे. काही आठवड्यांनी न्यूझीलंडमध्ये वेल्सविरुद्ध सामन्याआधी आयर्लंडसाठी कुठलं गीत वाजवायचं हा प्रश्न पडला. उत्तर कुणाकडेच नव्हतं. शेवटी ‘रोझ ऑफ ट्राली’ या प्रेमगीताची एक जुनी ध्वनिमुद्रिका लावली गेली. ते ऐकून सगळेच अवघडले. पुढे युनियननं डेरीच्या फिल कूल्टर या गीतकाराला नवं गाणं करायला सांगितलं, आणि १९९५ च्या विश्वचषकात ‘आयर्लंड्स कॉल’ आलं. त्यात चार प्रांत आहेत, राज्य एकही नाही. काव्य म्हणून ते थोर नाही, अनेकांना आजही रुचत नाही. माझ्या लेखी त्याचं मोल असं, की ते म्हणताना कुणालाच ओठ मिटून उभं राहावं लागत नाही.

उत्तर आयर्लंडचा माणूस आयरिश असू शकतो, ब्रिटिश असू शकतो, किंवा दोन्ही असू शकतो, हे १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता कराराचं मर्म. रग्बीचा संघ हे आधीपासून जगत होता. आता गेलिक संघटनेची परीक्षा होती. ब्रिटिश सैन्य आणि उत्तरेतल्या पोलिसांना सभासदत्व नाकारणारा नियम तिनं २००१ साली रद्द केला. लॅन्सडाउन रोडचं मैदान पाडून नव्यानं बांधायचं ठरलं तेव्हा रग्बी आणि फुटबॉलला क्रोक पार्क द्यायचं का, हा वाद देशभर पेटला. उत्तरेतल्या काउंट्यांचा विरोध सर्वांत तिखट होता, कारण त्यांची जखम सर्वांत ओली होती. एप्रिल २००५ मध्ये प्रतिनिधींनी मोठ्या बहुमतानं दार उघडलं.

२४ फेब्रुवारी २००७ ला इंग्लंडचा संघ क्रोक पार्कवर उतरला. बाहेर थोडी निदर्शनं झाली. होगनच्या नावाच्या स्टँडसमोर ब्रिटनच्या राणीचं गीत वाजलं आणि ब्याऐंशी हजार लोक शांत राहिले. ते संपल्यावर टाळ्या झाल्या. मग आयर्लंडची गाणी लागली तेव्हा प्रॉपला खेळणारा जॉन हेज ढसाढसा रडत होता. लिमरिककडचा हा अवाढव्य शेतकरी. त्याच्या शेजारी हुकर होता रोरी बेस्ट, आर्मा काउंटीतल्या प्रोटेस्टंट शेतकरी घरातला. स्क्रममध्ये हुकर दोन्ही हात दोन्ही बाजूंच्या प्रॉपच्या खांद्यांवर टाकतो आणि समोरच्या धडकेचा सगळा भार तिघं मिळून घेतात. हेज आणि बेस्ट त्या दुपारी तसे एकमेकांना धरून होते. उत्तरार्धात रोनन ओगारानं मैदानाच्या एका अंगाकडून दुसऱ्या अंगाला चेंडू उंच मारला आणि शेन हॉर्गननं हवेत झेपावून तो गेलिक फुटबॉलपटूसारखा डोक्यावरून टिपला. ट्राय झाला. आयर्लंड ४३-१३ असं जिंकलं.

विजय मोठा होता, पण मला त्याआधीची शांतता मोठी वाटते. १८८४ चा अभिमान म्हणत होता, तुमचं आमच्यात काही नको. २००७ चा अभिमान म्हणाला, आमचं इतकं भक्कम आहे की तुमचं गीत इथे वाजलं तरी आम्हाला काही होत नाही. पण दुसऱ्याला वाव देण्याइतकं भक्कम व्हायला आधी कुंपणाची शंभर वर्षं लागली असतील, हेही मान्य करावं लागतं. क्यूसॅक चुकला असं मी म्हणणार नाही.

फुटबॉलची गोष्ट वेगळी, आणि ती वाईट आहे. १७ नोव्हेंबर १९९३ ला बेलफास्टच्या विंडसर पार्कवर दोन्ही आयर्लंड समोरासमोर आले. आदल्या काही आठवड्यांत शँकिल रोडवरच्या बॉम्बनं आणि ग्रेस्टील गावातल्या गोळीबारानं अठरा माणसं गेली होती. १-१ अशा बरोबरीनं दक्षिण विश्वचषकाला गेली, पण त्या मैदानातला द्वेष खेळाडूंच्या आठवणीतून गेला नाही. २००२ साली उत्तर आयर्लंडचा नेमलेला कर्णधार नील लेनन, कॅथलिक आणि सेल्टिक क्लबचा खेळाडू, ठार मारण्याच्या धमकीमुळे सामना सोडून घरी गेला आणि पुन्हा कधी त्या संघातून खेळला नाही. करार होऊन चार वर्षं झाली होती.

क्रिकेटचं आपल्याला माहीत आहे. २ मार्च २०११ ला बंगळूरला इंग्लंडच्या ३२७ धावांचा पाठलाग करताना केव्हिन ओब्रायननं पन्नास चेंडूंत शतक ठोकलं. तो डब्लिनचा, आणि कर्णधार विल्यम पोर्टरफिल्ड उत्तरेतला. तो विजय बेटाच्या दोन्ही बाजूंनी आपला मानला. त्याच महिन्यात आयर्लंड प्रजासत्ताकाचा क्रीडामंत्री झाला तो लिओ वराडकर, ज्याच्या वडिलांचं मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. २०१७ साली तो पंतप्रधान झाला, म्हणजे आयरिश असणं आता प्रांत आणि पंथ यांपलीकडेही गेलं.

काम संपलेलं मात्र नाही. उत्तरेतला गोल्फपटू रोरी मॅक्लरॉय यानं ऑलिंपिकबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली होती, कारण कुठल्या झेंड्याखाली खेळायचं हे तिथे निवडावं लागतं. पॅरिसला २०२४ मध्ये उत्तर आयर्लंडचे डॅनियल विफेन आणि ऱ्हिस मॅक्लेनहन यांनी आयर्लंडसाठी सुवर्ण जिंकलं, तर कोलरेनच्या हॅना स्कॉटनं ब्रिटनसाठी. तिघांचंही घरी स्वागत झालं.

त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरी बातमी आली. २०२८ च्या युरो फुटबॉल स्पर्धेसाठी बेलफास्टमधलं गेलिक संघटनेचं केसमेंट पार्क नव्यानं बांधायचं ठरलं होतं. १९१६ साली ब्रिटननं फाशी दिलेल्या आयरिश क्रांतिकारक रॉजर केसमेंटच्या नावाच्या मैदानावर उत्तर आयर्लंडचा फुटबॉल संघ खेळला असता. खर्च वाढत गेला, मैदानावरून जुना वादही होताच, आणि ब्रिटिश सरकारनं त्या स्पर्धेसाठी पैसे द्यायला नकार दिला. युरोचे सामने डब्लिनला होतील, बेलफास्टला एकही नाही.