जीर्णोद्धारानंतरची ओळख

झिजलेला शॉकअॅब्सॉर्बर घरच्या घरी खोलून ऑइल सील, बुश आणि तेल बदलले, तर तो जुनाच राहतो की नवा होतो? ‘मिलिंदपञ्हा’ या बौद्ध ग्रंथात भिक्खू नागसेन मिलिंद राजाला रथाबद्दल असेच विचारतात: चाक, आस, दांडी यांपैकी रथ कोणता? सुटा एकही भाग रथ नाही. भागांच्या मेळाला आपण रथ म्हणतो. देवळाचेही तसेच: पालीच्या बल्लाळेश्वर गणपतीचे मूळ देऊळ लाकडी होते, पेशवाईत फडणीसांनी ते दगडी बांधले. द्रव्य बदलले, तरी भाविकांच्या लेखी ते बल्लाळेश्वराचेच देऊळ राहिले.

कोणी म्हणेल, तिथे स्वयंभू मूर्ती तीच होती. यंत्रात असा गाभा कुठला? यंत्राचा गाभा त्याच्या कार्यात असतो. स्प्रिंग धक्का झेलते आणि बारीक छिद्रांतून जाणारे तेल त्या गतीची उष्णता करते. सील फाटून तेल गळाले, तर बाकी सगळे भाग मूळचे असूनही गाडी उसळत राहते. म्हणजे केवळ द्रव्य टिकल्याने वस्तू टिकत नाही. मग सरळ नवाच का आणू नये? कारण नवा तेच काम करील, पण जुन्याच्या कामाचे सातत्य दुरुस्तीतच टिकते. अर्थात शॉकअॅब्सॉर्बरची नळी वाकली किंवा तिच्यावर गंजाने खोल खड्डे पडले, तर ती बदलावीच. जीर्णोद्धार म्हणजे मोह नव्हे. म्हणून टाकण्याआधी तपासा: कार्य परत आणता येत असेल, तर दुरुस्ती हेच आपले कर्तव्य आहे.