धरणं, आवडणं, पाहिजे

मुलगी फिनलंडला राहायला गेल्यापासून तिथली भाषा शिकते आहे. रविवारी फोनवर मलाही थोडं थोडं सांगते. मागं एकदा तिनं 'पितॅ' हे क्रियापद सांगितलं. शेवटचा स्वर लांबवायचा. रोजच्या बोलण्यातलं, पण अर्थ किती! एक धरणं, राखणं : 'पिदॅन सिनुआ कॅदेस्तॅ', मी तुझा हात धरते. दुसरा आवडणं : 'पिदॅन सिनुस्ता', तू मला आवडतेस. इथं 'तू'ला लागलेला प्रत्यय आपल्या 'घरातून'मधल्या 'तून'सारखा. तिसरा पाहिजे : 'मिनुन पितॅ मेन्नॅ', मला जायला पाहिजे.

मी म्हटलं, "अगं, ही तर परिग्रहाची सगळी वाट झाली. आवडलं, धरलं, मग पाहिजेच."

"आई, एका शब्दावर एवढा भार नको टाकूस," ती हसली.

तिचंही खरं. 'हट्ट धरला' म्हणताना आपण तरी कुठं हाताकडं बघतो? पण विचार काही सुटेना.

तत्त्वार्थसूत्रात उमास्वातींनी परिग्रह वस्तूत नव्हे, मूर्च्छेत सांगितला आहे. म्हणजे आसक्तीनं भान हरपण्यात. साड्या किती, दागिने किती, याचं परिमाण मी केलेलं आहे. माणसांचं परिमाण कसं करायचं? दशलक्षण पर्वात नवव्या दिवशी आकिंचन्य धर्मावरचं प्रवचन ऐकून आले, आणि त्याच संध्याकाळी मुलीला म्हटलं, "पुरे आता, तुला परत यायलाच पाहिजे."

मग धरूच नये का? तसंही नाही. 'धर्म' शब्दसुद्धा 'धृ' या धातूतून आलेला, त्याचा अर्थ धरणंच. तापानं फणफणलेलं पोर, थकलेल्या सासूबाईंचा हात, दिलेला शब्द, हे धरावंच लागतं. प्रश्न एवढाच, त्यातून येणारं 'पाहिजे' कुणावर पडतं? फिनिशमधल्या त्या वाक्यातलं 'मिनुन' म्हणजे मुळात 'माझं'. मला ते पटलं. मी धरलं, तर कर्तव्य माझं. जिला धरलं तिच्या डोक्यावर ते ठेवलं, की मायेची मूर्च्छा होते.

फोन ठेवताना ती म्हणते, 'पिदॅ हुओल्ता', काळजी घे. तेच क्रियापद, शब्दशः काळजी धर. त्या रविवारी 'कधी येणार?' ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "तूही घे गं."