सहावी वाटी

आमच्या शाळेत डेडस्टॉक रजिस्टर नावाची एक जाडजूड वही आहे. बाके, फळे, नकाशे, पृथ्वीचा गोल, प्रयोगशाळेतले तराजू, असे जे जे शाळेचे म्हणून आहे ते सारे तिच्यात नांदते. वर्षअखेर एका शिक्षकाने वस्तू मोजायच्या आणि खाली ‘प्रत्यक्ष मोजून बरोबर’ असे लिहून सही करायची. ही सही मी कैक वर्षे करीत आलो आहे. पण ‘प्रत्यक्ष’ ह्या शब्दाचा अर्थ मला कळला तो यंदाच्या गणपतीत, आणि तोही घरी.

त्याचे असे झाले. गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माझा भाचा आमच्याकडे आला होता. माळ्यावरून उतरणारे सामान पाहून तो म्हणाला, “मामा, ह्या सगळ्याची यादी संगणकावर ठेवू या. तुम्ही लिहायचं काहीच नाही. नुसतं बोला, एजंट लिहील.”

ह्या एजंटाची करणी थोडक्यात सांगतो. यादी म्हणजे वहीच : वस्तूचे नाव, नग, जागा, किंमत असे तिचे रकाने. एजंट म्हणजे अफाट मजकूर वाचून कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येणे संभवते हे शिकलेले यंत्र. त्याच्या हाती वहीत नोंद करण्याचे अवजार दिलेले असते. अशा जोडणीची मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची एक सामाईक पद्धत २०२४ च्या नोव्हेंबरात जाहीर झाली, असे भाच्याने सांगितले. आपण बोलायचे, त्याने आपले वाक्य फोडून ज्याचे त्याला रकान्यात बसवायचे आणि विचारायचे, ‘नोंद करू का?’

मी बोलत गेलो. पितळी डबे चार, तांब्याचा बंब एक, पाट आठ. यंत्र विचारी, मी ‘हो’ म्हणे. पहिल्या दहा नोंदी मी डोळ्यांत तेल घालून वाचल्या. पुढे नुसताच ‘हो’ म्हणू लागलो. दोन तासांत घर कसे पाठ झाल्यासारखे वाटले!

गणपतीत नैवेद्यासाठी चांदीच्या वाट्या काढल्या, तेव्हा त्या पाच निघाल्या. यादीत सहा होत्या.

आई तेव्हा बहिणीकडे गेली होती. घरात आम्ही दोघे नवराबायको आणि भांडी घासायला येणाऱ्या मावशी. मी काही आरोप केला नाही. एवढेच म्हणालो, “मावशी, सहावी वाटी कुठं दिसली का हो?” शब्द निरुपद्रवी होते, पण आवाज निरुपद्रवी नव्हता. मावशींनी हात पुसले आणि म्हणाल्या, “मास्तर, वाट्या पाचच आहेत. दर सणाला मीच घासते.” मी संगणकाकडे पाहिले. तिथे स्वच्छ, रेखीव अक्षरांत ‘नग ६’ असे होते. दुसऱ्या दिवशी मावशी आल्या नाहीत.

चार दिवसांनी आई परतली. तिने ऐकले आणि कपाळावर हात मारला. “अरे, सहावी वाटी तुझ्या भाच्याच्या उष्टावणाला दिली ना! नावसुद्धा घातलंय तिच्यावर.”

भाच्याला फोन केला. त्याने त्या दिवशीचे संभाषण उघडून वाचून दाखविले. मी म्हटले होते, ‘चांदीच्या वाट्यांचा संच, देवघराच्या कपाटात.’ आकडा मी सांगितलाच नव्हता. संच बहुधा सहांचा असतो; म्हणून यंत्राने सहा लिहिले, ‘नोंद करू का?’ म्हणून विचारले, आणि मी ‘हो’ म्हटले.

यंत्रावर खापर फोडून मोकळे होणे सोपे आहे. पण मन ते मानीत नाही. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. अनुमान हे काही पाप नव्हे. धूर पाहून अग्नी जाणल्यावाचून संसार चालत नाही. पाप घडते ते अनुमान प्रत्यक्षाच्या रकान्यात जाऊन बसते तेव्हा. एकदा तिथे बसले की मोजलेला सहा आणि कल्पिलेला सहा ह्यांत फरक दिसत नाही. यंत्र कधी देवघरात गेले नव्हते. मी गेलो होतो. कपाटाची किल्ली माझ्या हातात होती. मोजले मात्र नाही, आणि तरीही सही केली.

त्याहून मोठी चूक दुसरीच. ज्याने वस्तू स्वतः जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. त्याचा शब्द प्रमाण मानावा. ही कसोटी ऋषींना, आर्यांना आणि म्लेंच्छांना सारखीच लागू आहे, असे भाष्यकार वात्स्यायनांनी मुद्दाम सांगितले आहे. माझ्या घरात त्या दिवशी आप्त एकच होती : त्या वाट्या घासणारी. पण तिचा शब्द तोंडी होता आणि गरिबाचा होता. यादीचा शब्द सुबक होता. मी सुबकपणाला साक्षीदार मानले.

मी मावशींच्या घरी गेलो, चुकलो म्हणालो. त्यांनी चहा दिला, पुष्कळ काही बोलल्या नाहीत, आणि पुन्हा कामावर येऊ लागल्या. यादी मी मोडलेली नाही. आकडा सांगितला नसेल तर रकाना रिकामा ठेव, असे यंत्राला बजावले आहे. आणि प्रत्येक नोंद, वस्तू हातात घेऊन, वाचल्यावाचून ‘हो’ म्हणत नाही. ‘नग ५’ अशी दुरुस्ती तर एका क्षणात झाली.

दुसरी दुरुस्ती मात्र होत नाही. काम आटोपले की मावशी आता ओट्यावर भांडी ओळीने मांडतात, माझ्यादेखत मोठ्याने मोजतात, आणि मगच घरी जातात. “मावशी, नका हो मोजू,” असे मी रोज म्हणतो. त्या ऐकून घेतात, आणि पुन्हा एकापासून सुरुवात करतात.